उणिवेचं क्रियापद

फॉर्मवरचा सातवा प्रश्न तसा साधाच होता. 'व्यक्तीला शेवटचे केव्हा, कुठे आणि कोणी पाहिले?' खाली दोन ओळींची जागा. पहिली सहा उत्तरं हेर्डिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याउभ्याच लिहून टाकली होती : नाव आर्नफिन, बेपत्ता होताना वय एक्कावन्न, व्यवसाय गणिताचा शिक्षक, राहणार बर्गन. सातव्यापाशी आल्यावर ती खुर्ची ओढून बसली. पेनचं टोक कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका हळूहळू पसरत गेला. समोरच्या घराचं छप्पर ओलं होतं आणि त्याच्यावर एक समुद्रपक्षी एका पायावर उभा राहून तिच्या खिडकीकडे बघत होता, की तिला तसं वाटत होतं. नऊ वर्षांपूर्वी हे उत्तर तिनं तोंडी दिलं होतं, जराही न अडखळता. तेव्हापासून ते पोलिसांच्या कागदांत होतं, वर्तमानपत्रात छापून आलं होतं, मुलीला पाठ होतं, सासऱ्यांना पाठ होतं. आता ते नुसतं उतरवून काढायचं. हात हलेना. फॉर्मच्या तळाशी, 'वरील माहिती सत्य आहे' या ओळीखाली, गुरोची सही आधीच झालेली होती. लहानपणापासून ती नावातलं पहिलं अक्षर फार मोठं काढी.

फोन वाजला. गुरोच होती.

"आई, भरलास फॉर्म?"

"भरतेय."

"आठवडा झाला भरतेयस. माझी सही मी केलीय. तुझी आणि गोफाची राहिली, बस. मग त्याला मृत जाहीर करायचं की नाही ते कोर्ट बघेल."

गोफा म्हणजे आर्नफिनचे वडील, मोन्स. बेटांवर आजोबांना असंच म्हणतात. गुरो बोलायला लागल्यापासून घरात सगळ्यांचेच ते गोफा झाले होते.

"गोफा करायचे नाहीत सही," हेर्डिस म्हणाली.

"तू विचारलंस त्यांना?"

हेर्डिसनं पेनला टोपण लावलं.

"हे बघ आई," गुरोचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला की हेर्डिसला जास्त धास्ती वाटे. "नव्या कामावर परवा एकीनं विचारलं, वडील काय करतात तुझे? मी म्हटलं, गणित शिकवतात. मग म्हटलं, म्हणजे, शिकवायचे. ती बघतच राहिली माझ्याकडे. नऊ वर्षं झाली, मला माझ्या बापाचा काळ ठरवता येत नाही. तू शब्दकोशवाली ना? मग दे की एकदा ठरवून."

हेर्डिस हसली. गुरोही हसली. आधी फोन कोणी ठेवला ते हेर्डिसला नंतर आठवेना.

शब्दकोशाच्या कार्यालयात त्या दिवशी तिच्या टेबलावर 'स'ची नवी पेटी येऊन पडली होती. या देशात खेड्यापाड्यांतल्या, बेटांवरच्या बोलींमधून जमवलेले शब्द लाखो चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलेले होते, आणि त्या चिठ्ठ्या वाचून त्यांचा अर्थ लावण्यात हेर्डिसची एकतीस वर्षं गेली होती. शेजारच्या टेबलावरची मार्गुन तेवढीच वर्षं तिथं होती. ती पेटीकडे बोट करून म्हणाली, "घे, 'साक्ने' तुझ्याकडे आलाय. मी घेतला असता गं, पण मला कोणाचीच उणीव भासत नाही. माझा घटस्फोट झालाय." आणि मग तिचा चेहरा एकदम पडला. "हेर्डिस. मी गाढव आहे." "असू दे," हेर्डिस म्हणाली. पेटीत एकशे बारा चिठ्ठ्या होत्या. साक्ने, शहरात त्याचंच साव्ने झालेलं. एखादं माणूस जवळ नसल्याचं जाणवणं, त्याच्यावाचून पोकळ वाटणं. मृत्यूच्या बातम्यांत नावाखाली छापतात तोच हा शब्द. आणि समुद्रात किंवा डोंगरात गेलेलं माणूस सापडत नाही तेव्हा पोलीस त्याला जो शब्द लावतात, तोही हाच. ज्याचा पत्ता नाही आणि ज्याच्यावाचून करमत नाही, अशा दोघांसाठी भाषेनं एकच शब्द ठेवला होता. फॉर्मवर आर्नफिनचा उल्लेख सगळीकडे याच शब्दानं होता.

नऊ वर्षांपूर्वी, आर्नफिन नाहीसा झाला त्या रात्री, जबाब घ्यायला आलेल्या तरुण पोलिसानंही हाच शब्द वापरला होता. बेटावरच्या घराच्या स्वयंपाकघरात, भिजलेली टोपी मांडीवर ठेवून, त्यानं विचारलं होतं, "तुम्ही त्यांना पहिल्यांदा केव्हा साव्ने केलंत?" म्हणजे ते नाहीत हे तुमच्या लक्षात केव्हा आलं. त्याच्या तोंडी तो कामाचा प्रश्न होता. तिच्या कानांना मात्र दुसराच ऐकू आला.

ऑक्टोबरातला रविवार होता. शनिवारी ती दोघं बर्गनहून बेटावर गेली होती, पाण्यालगतच्या लहान घरात. वर टेकाडावरच्या मोठ्या घरात मोन्स एकटे राहत. आर्नफिनला खेकड्यांचे सापळे काढायचे होते. हेर्डिस वरच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून कामाला बसली होती. मुदत जवळ आली होती, आणि हातात होतं एक क्षुद्र शब्दयोगी अव्यय, 'पो' : वर, ला, कडे, साठी, मुळे, असे त्याचे चाळीस अर्थ, आणि प्रत्येकाला पुन्हा फांद्या. सव्विसाव्या अर्थाशी ती आली असताना आर्नफिननं जिन्याखालून हाक मारून काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "हं." दार लागलं. बस, एवढंच. तो काय म्हणाला होता ते तिला तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. नंतर नऊ वर्षं ती तो आवाज पुन्हा पुन्हा कानाशी धरून बघत आली होती, जुनी तबकडी ऐकावी तशी. आवाजाची उंची लागे, जिन्याच्या लाकडात तो कसा घुमला ते लागे, शेवट किंचित वर गेलेला, म्हणजे बहुधा तो प्रश्नच होता. पण शब्द लागत नसत. येतेस का, असं असेल. किंवा येताना काय आणू. किंवा नुसतंच, जाऊन येतो गं. चाळीसही अर्थ पूर्ण झाले तेव्हा खोलीत अंधार झाला होता. ती खाली आली. स्वयंपाकघर थंड होतं. आणि तेव्हासुद्धा, हे ती कोणाला सांगू शकली नव्हती, तेव्हासुद्धा तिच्या मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, अजून आला नाही, बटाटे तरी उकडून होतील. बटाटे उकडले. ते निथळून, वर फडकं घालून ठेवल्यावर तिनं वरच्या घरी फोन लावला. मोन्स म्हणाले, "इथं? इथं कशाला असेल तो?" साडेसात वाजले होते. तासाभरानं शेजाऱ्याला दक्षिणेच्या खडकांपाशी होडी सापडली, तेल संपून इंजिन बंद पडलेलं.

आणि मग तो प्रश्न. मोन्स दारात उभे होते, शेजारी होता, त्याची बायको होती, फोनच्या दुसऱ्या टोकाला गुरो रडत होती. सगळे तिच्याकडे बघत होते. नवरा सकाळपासून समुद्रावर आहे आणि सव्वीस वर्षांच्या संसारातल्या बायकोला साडेसातपर्यंत त्याची याद नाही, हे त्या उजेडात, त्या माणसांसमोर, ती कुठल्या तोंडानं सांगणार होती? ती म्हणाली, "एक वाजता मी खिडकीतून पाहिलं. होडी दक्षिणेच्या खडकापाशी होती. तो उभा होता. मग दोन वाजल्यापासून मला चैन पडेना." पोलिसानं लिहून घेतलं. तिला वाटलं होतं, आपण फक्त स्वतःला थोडं सावरतोय. आपण समुद्रालाही काही सांगतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवशी एक वाजल्यानंतर ओहोटी होती, पाणी दक्षिणेला ओढत होतं. म्हणून तीन दिवस होड्या आणि हेलिकॉप्टर दक्षिणेला फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगता आलं असतं. तिनं तोंड उघडलंही होतं. पण शेजारीण येऊन तिचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुला आधीच जाणवलं होतं ना गं? बायकांना जाणवतं." त्यानंतर सांगणं अशक्य होत गेलं. आणि दर वर्षी ते आणखी थोडं अशक्य झालं.

चिठ्ठ्या लावून झाल्यावर तिनं शब्दाचं मूळ बघायला घेतलं. हे काम तिला नेहमी आवडे, जमिनीखाली उतरल्यासारखं. साक्नेच्या खाली जुना शब्द होता 'साक'. आज तो नुसता विषय किंवा कोर्टातला खटला; पण हजार वर्षांमागं गेलं की त्याचाच अर्थ आरोप, आणि आरोपाच्याही आत, दोष. निर्दोष माणसाला तेव्हा 'साक नसलेला' म्हणत. त्याच्याच कुळातला 'सोके', म्हणजे शोधणं. आणखी खाली, जिथं कोणी लिहून ठेवलेलं नाही, नुसत्या तुलनेनं अंदाज बांधायचा असतो, तिथं एक धातू होता : माग काढणं, वास धरून जाणं. लॅटिनमध्ये त्याच धातूचं एक विशेषण शिकारी कुत्र्याच्या तिखट नाकाला लावत. जुन्या आयरिशमध्ये त्याचं क्रियापद एखाद्याच्या रोखानं चालत जाण्यासाठी होतं. म्हणजे एके काळी हा शब्द खुर्चीत बसून सुस्कारे टाकणाऱ्याचा नव्हता. त्याला पाय होते, नाक होतं. तो जमिनीवर वाकून, ओल्या पानांतून, गेलेल्याच्या मागे चालत होता. हेर्डिसनं चष्मा काढून डोळे चोळले. शोध, खटला, दोष, उणीव. एका मुळाची चार पोरं, आणि चारही तिच्या घरी नांदत होती. मार्गुन चहा घेऊन आली नि म्हणाली, "बरी आहेस ना?" "मूळ लागलं," हेर्डिस म्हणाली. "मग तोंड का असं?" मार्गुननं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं चहा ठेवला आणि आपला हात क्षणभर तिच्या खांद्यावर ठेवून ती गेली.

एक चिठ्ठी तिनं बाजूला काढून ठेवली होती. एकोणीसशे अडतीस सालची, मोन्सच्याच बेटावरच्या एका शाळामास्तरच्या हातची. 'मेंढी मोजताना कमी भरली की म्हणतात. शोध चालू असेपर्यंतच म्हणतात. मेलेली सापडल्यावर म्हणत नाहीत.' पुढे कोणीतरी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. हा वापर खरा की मास्तरची कल्पना, हे सांगू शकेल असं माणूस आता एकच उरलं होतं. तिनं चिठ्ठी उतरवून घेतली. फॉर्म पर्समध्ये होताच.

शनिवारी ती बसनं गेली. पूल झाल्यापासून बेट तासाभरावर आलं होतं, तरी गेल्या वर्षात ती तिसऱ्यांदाच जात होती. मोन्स आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, उत्तर टोकाजवळच्या शुश्रूषागृहात. तिथं समुद्राकडच्या खोल्यांसाठी माणसं नावं लावून बसत. मोन्सनी मोटारी उभ्या करायच्या जागेकडची खोली मागून घेतली होती. समुद्र पुरे झाला, एवढंच त्यांनी नर्सला सांगितलं होतं.

"आलीस?" ते म्हणाले. "तिकडचे शब्द संपले वाटतं."

"संपले. म्हणून तुमचे न्यायला आले."

"माझ्याकडे आता शिव्या उरल्यात फक्त. त्या चालतील?"

तिनं आणलेली गोड पोळी, लोणी-साखर लावून घडी घातलेली, त्यांच्यासमोर ठेवली. ते सावकाश खात राहिले. बोटं जाड, जुन्या दोरासारखी. तिनं मास्तरची चिठ्ठी वाचून दाखवली.

"बरोबर आहे," मोन्स म्हणाले. "प्रश्नचिन्ह कुठल्या शहाण्यानं काढलं? हे बघ. शरदात मेंढरं खाली आणायची नि कुंपणात घालून मोजायची. दोन कमी भरली, की माझा बाप म्हणायचा, दोन साक्ने करतोय. म्हणजे हळहळत बसायचं नाही. बूट चढवायचे नि निघायचं. अंधार पडेपर्यंत, दुसऱ्या दिवशी परत. तोवर साक्ने."

"आणि मेलेली सापडली तर?"

"मग कसलं साक्ने? मग गेली. मग तिचं कातडं काढायचं."

तिनं लिहून घेतलं. मान खाली असतानाच ती म्हणाली, "गोफा, गुरोनं कोर्टाचा कागद दिलाय. आर्नफिनचा."

मोन्सनी ताटली बाजूला सरकवली. "मला ठाऊक आहे. फोन आला होता तिचा. मी नाही सही करणार."

"तिला स्मशानात त्याच्या नावाचा दगड लावायचाय, आजीच्या शेजारी. जायला काहीतरी जागा हवीय तिला."

"लावा की. मी कुठं अडवतोय? माझी सही नको." ते खिडकीबाहेरच्या मोटारींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला वाटत असेल म्हातारा आशा धरून बसलाय. आशाबिशा काही नाही. तुमच्या कागदावर त्याला साक्ने म्हटलंय. मी त्याला साक्ने करतच नाही. पहिल्या आठवड्यानंतर कधी केलंच नाही."

हेर्डिसनं वही मिटली. "असं का म्हणता?"

"जे जनावर वाट चुकलंय त्याच्या मागं जायचं असतं. आपल्या पायानं गेलं त्याच्या नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, हेर्डिस. तू काय मूर्ख आहेस?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "होडीत दोन सापळे होते. सहातले दोनच काढलेले. साडेदहाला इंजिन लागलेलं मी अंथरुणातून ऐकलं. त्याला सहांना तास लागायचा, फार तर सव्वा. आणि एक वाजता तू त्याला बघितलंस, उभा होता म्हणालीस. मग अडीच तास तो काय करत होता तिथं? खेकडे काढायला गेलेला माणूस खेकडे काढतो. तो पाण्याकडे बघत उभा होता. अडीच तास. माझा पोरगा अडीच तास विचार करत उभा होता, आणि मी वर टेकाडावर रेडिओ ऐकत होतो." त्यांनी नाक पुसलं. "पोलिसांना मी बोललो नाही. गुरोला नाही. तुला तर नाहीच. लोक म्हणाले असते, बायकोशी काहीतरी असेल. तुझ्यावर आलं असतं ते. म्हटलं, राहू दे माझ्यापाशी."

खोलीत कुठंतरी पाण्याच्या नळीचा गुरगुराट चालला होता. हेर्डिसला वाटलं, आपण उठून दाराशी गेलोय. पण ती खुर्चीतच होती, आणि तिचे दोन्ही हात वहीवर होते, नीट, शाळेतल्या मुलीसारखे. नऊ वर्षं आपण एका खोट्याच्या आत एकट्या राहतोय असं तिला वाटत आलं होतं. त्या खोट्याला आणखी एक खोली होती आणि तिच्यात हा म्हातारा बसलेला होता, दिवा न लावता, तिचीच अब्रू सांभाळत. तिनं समुद्राला खोटी दिशा सांगितली होती एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं त्या दिवसात अडीच तास जास्तीचे घातले होते, रिकामे, आणि रिकाम्या तासांत माणसं जे भरतात ते बापानं भरलं होतं.

"गोफा," ती म्हणाली, "एक वाजता मी त्याला पाहिलं नाही."

"काय?"

"पाहिलंच नाही मी. दिवसभर खिडकीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वर बसून काम करत होते. सात वाजता खाली आले, तेव्हा कळलं की तो नाही. बटाटे उकडले आणि मग तुम्हाला फोन केला."

मोन्सनी कानातलं यंत्र बोटानं दाबलं. "परत सांग."

तिनं परत सांगितलं. दुसऱ्यांदा ते लहान झालं, चारच वाक्यं.

"पण तू पोलिसाला म्हणालीस."

"तुम्ही दारात होतात. सगळे होते. लाज वाटली मला."

"लाज," मोन्स म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू एखाद्या परक्या गावाचं नाव. "तीन दिवस हेलिकॉप्टर दक्षिणेला फिरलं."

"हो."

"आणि मी नऊ वर्षं..." त्यांचा हात टेबलावर आपटला, ताटली उडाली, पण फुटली नाही. "बाहेर जा. जा म्हणतो ना. तुझं तोंड नको मला समोर."

ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. भिंतीवर गेल्या वर्षीच्या सहलीचे फोटो होते. नर्स ट्रॉली ढकलत आली, म्हणाली, "चिडलेत वाटतं आज?" हेर्डिसनं मान हलवली. तिला हलकं वाटायला हवं होतं, असं कुठंतरी ऐकलेलं असतं. तिला हलकं वाटत नव्हतं.  आर्नफिनचा चेहरा आठवायचा तिनं प्रयत्न केला. त्याऐवजी त्याची पाठ आली, वर्गातल्या फळ्याकडे वळलेली, एकदा गुरोला आणायला ती शाळेत गेली होती तेव्हाची. खडूची पूड खांद्यावर, आणि स्वतःशीच हसत तो समीकरण सोडवत होता. तिला कळलं की ती त्याला साक्ने करतेय. या एवढ्या वर्षांत खरं म्हणजे तिला स्वतःच्या खोट्याशेजारून उठून त्याच्याकडे जायला सवडच झाली नव्हती. तिनं भिंतीला कपाळ टेकलं. ती रडली, आवाज न करता, नर्स परत जाईपर्यंत.

"हेर्डिस!"

ती आत गेली. मोन्स बिछान्याच्या काठावर बसून बुटात पाय घालायची खटपट करत होते.

"मग ते अडीच तास नव्हतेच," ते म्हणाले.

"नव्हते."

"दोन सापळे काढले. म्हणजे अकराच्या सुमाराला. तिसरा काढताना." ते तिच्याशी बोलत नव्हते. "तिसरा खोलात असायचा. दोर जुना. खडकात अडकायचा नेहमी. मी म्हणायचो त्याला, तो दोर बदल, एक दिवस ओढून नेईल तुला. हो बाबा, हो बाबा, करायचा." त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल, पण त्यांत काहीतरी हललं होतं, कामाला लागल्यासारखं. "अकराला भरती. पाणी उत्तरेला ओढतं, सामुद्रधुनीतून. मग होडी रिकामीच फिरत, ओहोटीबरोबर खाली आली. बरोबर बसतं. आता बरोबर बसतं सगळं. माझा कोट दे."

"कुठं जायचंय?"

"उत्तरेच्या खाडीवर. मला काय चालता येतंय? तू चाकांची खुर्ची ढकलायचीस."

पाव तासाची वाट होती, चढाची. चाकं ओल्या खडीत रुतत. हेर्डिसला धाप लागली, मोन्स "डावीकडून, डावीकडून घे" एवढंच म्हणत होते. झाडं नव्हतीच, उघडा खडक, तपकिरी गवत, आणि मग एकदम समोर पाणी, राखाडी, सामुद्रधुनीच्या तोंडाशी उकळल्यासारखं वळणारं. नऊ वर्षांनी म्हातारा समुद्राकडे बघत होता. त्यानं बराच वेळ पाहिलं, डावीकडून उजवीकडे, किनाऱ्यामागून किनारा, जसं कुंपणाच्या दारात उभं राहून बघत असेल. तिथं काही नव्हतं. शेवाळ, प्लॅस्टिकचा एक निळा डबा, दोन पाणबुडे पक्षी.

"इथूनच गेला," मोन्स म्हणाले. "शोधायचा होता तर इथं शोधायला हवा होता."

"हो."

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"कागद काढ."

तिनं फॉर्म वहीवर ठेवून त्यांच्या मांडीवर धरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी. सातव्या प्रश्नापुढे शाईचा ठिपका वाळला होता. ते म्हणाले, लिही, आणि तिनं लिहिलं : सकाळी साडेदहा, बोटीच्या इंजिनाचा आवाज वडिलांनी ऐकला. "आणि पाहिलं कोणी?" मोन्सनी विचारलं. तिनं त्यापुढे लिहिलं, कोणीही पाहिले नाही. मग पत्नीच्या जागी आपली सही केली. मोन्सची बोटं गारठली होती. त्यांना पेन दोनदा धरावं लागलं. अक्षरं वाकडी आली, पण नाव पुरतं आलं.

"गुरोला तू सांगायचंस," ते म्हणाले. "सगळं. बटाट्यांसकट. मी नाही सांगणार."

"आजच सांगते. घरी गेले की."

"ओरडेल ती."

"ओरडू दे."

तिनं कागद पर्समध्ये ठेवला. वारा वाढला होता, तिनं आपला मफलर काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला, आणि त्यांनी तो गुंडाळू दिला. परत फिरायला हवं होतं. पण ते पाण्याकडे बघत राहिले आणि ती खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून मागे उभी राहिली.

"पोलिसाला तू निळा स्वेटर सांगितला होतास," मोन्स म्हणाले. "निळा, गळ्याशी पांढरी नक्षी. तो तरी घातला होता का?"

खोटं तिच्या ओठांवर तयार होतं. ते दयाळू होतं, आणि आता त्यानं कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

"माहीत नाही, गोफा," ती म्हणाली. "मी पाहिलं नव्हतं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. सामुद्रधुनीत पाणी फिरत होतं.

"लोकरीचंच काहीतरी असणार," तो म्हणाला. "लहानपणापासून थंडी फार वाजायची त्याला."